डावा गुडघा

वकिलाचा फोन आला तेव्हा बायकोला जाऊन नऊ दिवस झाले होते. मी तिचे स्वेटर पिशवीत भरत होतो. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला होता, त्यामुळे सुरुवातीचं नीट ऐकू आलं नाही. वाईट झालं, ऐकून धक्का बसला, असलं काहीतरी असावं. नंतरचं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

"ते रोबोटचं कसं करायचं?" तो म्हणाला. "घाई नाही माझी. पण अर्धवट असेल तर तसाच खोक्यात घालून द्या. मी दुसऱ्या कोणाकडून तरी पूर्ण करून घेईन. नाहीतरी शेवटी शेवटी बाईंचा हात पहिल्यासारखा राहिला नसणार. साहजिक आहे."

"काय साहजिक आहे?"

"नाही, आजारपणात होतंच ना तसं. मी त्यांना दोष देत नाही."

दोष देत नाही. म्हणजे उपकारच केले म्हणायचे. मी हातातला स्वेटर खाली ठेवला आणि म्हणालो, "रोबोट पूर्ण झालाय. तिनेच केलाय. रंग सुकतोय. महिनाअखेरीला आणून देतो." आणि त्याने पुढे काही बोलायच्या आत फोन ठेवून दिला.

रोबोट पूर्ण झाला नव्हता. कंबरेपासून वर झाला होता, खाली पायच नव्हते. आणि मी उभ्या आयुष्यात असला एकही रोबोट बनवला नव्हता. मी लिफ्टचा मेकॅनिक आहे. एकतीस वर्षं झाली.

आमची ही दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. कवळ्या, टोप्या, पूल, सगळं बारीक काम. बावीस वर्षं दुसऱ्यांचे दात घासून झाल्यावर तिने नोकरी सोडली आणि दोन महिन्यांत तिला घरात बसून कंटाळा आला. मग ती प्लास्टिकचे रोबोट बनवायला लागली. खोक्यात शे-दोनशे तुकडे फ्रेमला चिकटलेले येतात, ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, जोडायचे. तिला आवडायचे ते रूप बदलणारे. उभा केला तर रोबोट, दुमडला तर गाडी नाहीतर विमान. पहिल्यांदा मी हसलो होतो. म्हणालो, "नातवंडं व्हायच्या आधीच खेळणी?" ती म्हणाली, "तुम्हीसुद्धा दिवसभर खोकी वरखाली करता, मी कधी हसले का?"

पुढे खेळण्याच्या दुकानदाराने तिच्याकडे कामं पाठवायला सुरुवात केली. ज्यांना असा रोबोट कपाटात हवा असतो पण जोडायचा धीर नसतो, अशी बरीच माणसं असतात. दुकानदार प्रत्येक बाईला ताई म्हणतो, म्हणून ही त्याला बंधू म्हणायची. त्यामुळे मी आपोआप भाऊजी झालो. वकील बंधूचंच गिऱ्हाईक. त्याचा रोबोट हातभर उंच होता आणि दुमडला की क्रेनचा ट्रक व्हायचा. दंडाची क्रेन, छातीची केबिन, पायांची मागची चाकं. सव्वीस हालचालींत रूप बदलतं, असं खोक्यावर चित्र होतं.

तर मला आता तो असा पूर्ण करायचा होता की वकिलाला त्यात दुसरा हात दिसता कामा नये. तिचा हात शेवटपर्यंत चांगला होता हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं होतं. दुसरं मला काही नको होतं. सांत्वनाला येणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवत होतो, ते याच कामासाठी. येतात, बसतात, सुटली बिचारी म्हणतात. कशातून सुटली? घरातून?

तिचं टेबल खिडकीशी आहे. टेबलावर एका पसरट डब्यात पायांचे तुकडे होते. कापलेले, घासलेले, धुतलेले, पण रंग न दिलेले. शेजारी पिवळ्या रंगाची बाटली, पायांसाठी मिसळून ठेवलेली. आणि माहितीची पुस्तिका. पुस्तिकेत अक्षर न् अक्षर परक्या भाषेतलं, बाकी नुसत्या आकृत्या आणि बाण. कोपऱ्यात एक गोल डोक्याचा माणूस काढलाय. तुम्ही बरोबर जोडलं तर तो हसतो, चुकीचं जोडलं तर रडतो. तिसऱ्या दिवशी मी त्या माणसाच्या तोंडावर काळी पट्टी चिकटवली.

कामावर जायच्या आधी सकाळी दोन तास आणि सुट्टीचा पूर्ण दिवस, असं मी ठरवलं. आधी रंग न देता पाय नुसते जोडून बघितले.

सांधे ढिले होते. मांडी गुडघ्याला बसते तिथे एक खुंट असतो, तो भोकात जातो. तो खुंट भोकात हलत होता. डावा गुडघा, उजवा गुडघा, दोन्ही मांड्या, सगळीकडे तेच. पाय उभा धरला की गुडघ्यातून लोंबायचा. आमच्या कामात याला प्ले म्हणतात. दोन भागांच्या मध्ये नको तेवढी जागा झाली की प्ले आला. माझी एकतीस वर्षं दुसऱ्या कशात गेलेली नाहीत. लिफ्ट खडखडते म्हणून माणसं तक्रार करतात, मी जातो आणि प्ले काढतो. तिला ठेवलं होतं त्या हॉस्पिटलच्या लिफ्टलासुद्धा प्ले होता. मी तिथल्या माणसाला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही पेशंटकडे लक्ष द्या."

मी वरचं धड हातात घेतलं. खांदे हलवले. मान, कोपर, क्रेनचा दांडा. सगळे सांधे घट्ट, एकसारखे, लोण्यासारखे फिरत होते. वरचे घट्ट आणि खालचे ढिले. वरचं तिने आधी केलं होतं, पायांचे तुकडे नंतर, औषधं सुरू झाल्यावर. त्या औषधांनी तिची बोटं बधिर झाली होती. कप हातातून सुटायचा. शर्टाची बटणं मी लावायचो. भाजी चिरायला बसली की मी सुरी काढून घ्यायचो. ती म्हणायची, "हात माझे आहेत अजून." मी म्हणायचो, "हो, पण दे इकडे."

एकदा ती याच टेबलाशी बसून तो खुंट घासत होती. चार वेळा घासायची, मापाला लावायची, पुन्हा चार वेळा घासायची. बराच वेळ. मला वाटलं, आधी घासलंय हे विसरते आहे. मी म्हणालो, "झालंय की ते. किती घासशील?" ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही तुमच्या लिफ्टकडे बघा."

आता तो खुंट माझ्या हातात होता आणि माझी खात्री पटली. तिने जास्त घासला होता. तिला कळलं नव्हतं. वकील म्हणाला ते खरं होतं, आणि ते खरं आहे म्हणून मला वकिलाचा आणखी राग आला.

शाफ्ट झिजला तर आम्ही त्यावर भर चढवतो. मी तेच केलं. पातळ गोंदाचा एकेक थर खुंटांवर चढवला, सुकवला, पुन्हा चढवला, भोकात घालून बघितला. घोट्यांचे दोन खुंट राहिले, कारण गोंद संपला. ते चालतील तसे चालतील म्हटलं. बाकीचे असे बसले की फिरवायला थोडा जोर लागावा. मला बरं वाटलं. तिची चूक मी कोणाला न कळू देता निस्तरली होती. नवरा आणखी कशासाठी असतो?

रंगाचं शिकायला बंधूकडे गेलो. तो म्हणाला, "भाऊजी, मी करून देतो ना. तुम्ही कशाला?"

"तू नुसतं दाखव."

"ताईंनी तुम्हाला कधी शिकवलं नाही?"

"मी कधी विचारलं नाही."

त्याने स्प्रेची छोटी बंदूक कशी धरायची ते दाखवलं आणि प्लास्टिकच्या चमच्यांवर सराव करा म्हणाला. मी आठवडाभर चमचे रंगवले. पहिले काही ओघळले, मग काहींवर रंग वाळूसारखा खरखरीत बसला. लेकीने रविवारी येऊन बघितलं तर खिडकीत ओळीने पिवळे चमचे.

"बाबा, पंगत आहे का?"

ती शाळेत गणित शिकवते आणि तिच्या आईसारखं बोलते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "वकिलाला खरं सांगून टाका ना. आईने अर्धा केला होता, उरलेला मी करतोय. त्यात लाज कसली?"

"लाज नाही. त्याने तोंड उघडलं म्हणून."

"लोक तोंड उघडतात, बाबा. तुम्ही दार उघडत नाही म्हणून फोनवर उघडतात."

मी पुन्हा चमचे रंगवायला लागलो. तिने दोन कप चहा केला आणि दोन्ही तीच प्यायली.

पुढच्या आठवड्यात पाय रंगवले. चांगले झाले, हे मी माझ्या तोंडाने सांगतो. दोन थर पिवळा, वर चमकेचा एक थर, मध्ये दोन दोन दिवस सुकायला. रविवारी लेकीसमोर जोडले. खुंट भोकात जाईनात. मी म्हटलं, नवीन आहे, घट्टच असणार. दाबून बसवले. उभा केला तर काय ऐटीत उभा राहिला. लेकसुद्धा म्हणाली, "आईला आवडला असता."

मग दुमडायला घेतला. पुस्तिका समोर ठेवून, एक एक हालचाल. डोकं छातीत. खांदे मागे. हात उलटे करून क्रेन. एकोणीस हालचाली व्यवस्थित झाल्या. विसावी डाव्या गुडघ्याची. गुडघा मागच्या बाजूला पूर्ण वळून मांडीच्या पोकळीत जायला हवा. तो अर्ध्यावर अडला.

"थांबा बाबा," लेक म्हणाली.

"अडलंय जरा. निघेल."

"दाबू नका ना, थांबा."

मी दाबलं. वाळकी काडी मोडल्यासारखा आवाज आला आणि पाय माझ्या हातात राहिला. खुंट आत तुटला होता. पोकळीच्या कडेवरून रंगाचं सालपट निघालं होतं आणि प्लास्टिकवर पांढरा ओरखडा पडला होता.

मी पुस्तिका भिंतीवर फेकली. चमच्यांची ओळ हाताने खाली पाडली. लेक हात बांधून बघत होती, त्यामुळे मला आणखी चेव आला. मी म्हणालो, "मी काय करणार? मुळातच बिघडलेलं होतं. तुझ्या आईचा हातच गेला होता शेवटी. ढिले करून ठेवले होते सगळे सांधे."

लेकीने खाली वाकून चमचे गोळा केले. सगळे गोळा केल्यावर म्हणाली, "वकील हेच म्हणाला होता ना?"

आणि पर्स घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर दांडी मारली आणि तुटका आणि धड असे दोन्ही पाय घेऊन बंधूच्या दुकानात गेलो. त्याने भिंग लावून खुंटाचा तुकडा बघितला, नखाने खरवडला.

"भाऊजी, हे काय चढवलंय यावर?"

"गोंद. भर दिली. ढिले होते."

"रंग द्यायच्या आधी ढिले होते की नंतर?"

"आधी. नंतर कुठले ढिले, बसतच नव्हते."

बंधूने भिंग खाली ठेवलं. जाडजूड माणूस आहे, एरवी दिवसभर बडबडतो. आता त्याने खुंटाचा तुकडा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "रंगाला जाडी असते. खुंटावर बसतो, भोकात बसतो, चमक दिली की आणखी. त्यासाठी ताई आधी घासून जागा ठेवायच्या. रंग दिला की सांधा बरोब्बर घट्ट होतो. वरचे सांधे हलवून बघितले का तुम्ही?"

"बघितले."

"तेही आधी असेच लोंबायचे. तुम्ही ते ताईंनी रंगवल्यावर बघितले."

मला त्याच्या दुकानात उभं राहवेना. पण मी एकतीस वर्षं मापावर विश्वास ठेवलेला माणूस आहे, कोणाच्या सांगण्यावर नाही. घोट्यांचे दोन खुंट मी भर न देता सोडले होते. मी खिशातून माझा कॅलिपर, बारीक मापं घ्यायचा चिमटा, काढला, ते दोन खुंट सोडवले आणि पातळ द्रावणाने त्यांच्यावरचा रंग पुसून काढला. बंधूने दुकानातलं दुसरं न उघडलेलं तसंच खोकं फोडलं आणि त्यातला न घासलेला खुंट दिला. मी मोजलं. तिने प्रत्येक खुंट मिलिमीटरच्या दहाव्या भागाने कमी केला होता. खुंट फिरवून चार बाजूंनी मोजला. चारही बाजूंनी तेच माप. दुसरा खुंटही तसाच. काट्यात केसाचाही फरक नव्हता.

बोटांना काही कळत नव्हतं म्हणून ती दर चार फेऱ्यांनी माप लावत होती. विसरत नव्हती. मी मागे उभा राहून तिला किती घासशील विचारत होतो, तेव्हा ती मोजत होती. आणि मी हे समजून घेतलं नाही, कारण मी आधीच तिला खोडून ठेवलं होतं. सुरी काढून घेतली, बटणं काढून घेतली, कप काढून घेतला. ती जायच्या आधी पाच महिने मी तिच्या हातांना निरोप दिला होता. वकिलाने तर नुसता अंदाज केला. मी रोज घरात राहून, डोळ्यांनी बघून तेच म्हणत होतो.

बंधू म्हणाला, "या खोक्यातला नवीन गुडघा घ्या, भाऊजी. कळणारसुद्धा नाही."

"हा तिने घासलेला आहे," मी म्हणालो. "हाच राहील."

घरी येऊन मी सगळ्या खुंटांवरचा गोंद काढला. तिच्यासारखंच, चार वेळा घासायचं आणि माप लावायचं, तिच्या मापापर्यंत. त्याला चार दिवस लागले. तुटलेल्या खुंटाला मधून बारीक भोक पाडलं, आत स्टीलच्या तारेचा तुकडा बसवला आणि दोन्ही भाग जोडले. हे मात्र माझं काम आहे, त्यात मला कोणाच्या शिकवणीची गरज पडली नाही. ओरखडा भरला, घासला, आणि खुंटांसकट सगळीकडे पुन्हा पिवळा आणि चमक दिली. तरी गुडघ्याच्या बाजूला केसाएवढी एक रेघ राहिली. तीन वेळा प्रयत्न केला, ती गेली नाही. दुमडायला घेतला तेव्हा विसाव्या हालचालीला मी नुसतं बोट लावलं. गुडघा गेला. आवाजसुद्धा झाला नाही.

लेकीला फोन करून सांगितलं की रोबोट दुमडतो. ती म्हणाली, "आणि सांधे?"

"तिचे बरोबर होते. मी चुकलो."

"मला म्हणताय ते ठीक आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी ऐकलं मी एकटीनेच. पण वकिलाला तुम्ही दुसरंच काहीतरी सांगून ठेवलंय."

महिनाअखेरीला मी खोकं घेऊन वकिलाच्या ऑफिसात गेलो. सडपातळ, नीटनेटका माणूस, बोलताना हात चोळतो. भिंतीशी काचेचं कपाट होतं आणि त्यात आठ-दहा रोबोट, प्रत्येकासमोर छापील कार्ड. कोणता रोबोट, कोणी बनवला. मधल्या कप्प्यात एक जागा रिकामी होती आणि तिच्या नावाचं कार्ड आधीच लावलेलं होतं. ते बघून माझा राग क्षणभर पाय घसरल्यासारखा झाला. मग पुन्हा उभा राहिला.

मी त्याच्या टेबलावर रोबोटचा ट्रक करून दाखवला, ट्रकचा पुन्हा रोबोट करून दाखवला. तो बघत राहिला. मग त्याने चष्मा कपाळावर चढवला, रोबोट उजेडाकडे धरला आणि डाव्या गुडघ्याशी थांबला.

"इथे रेघ आहे बघा," तो म्हणाला. "पण चालायचंच. त्या अवस्थेत एवढं केलं हेच खूप झालं. मी कोणाला सांगणार नाही."

मी गप्प बसलो असतो तर संपलं असतं. महिनाभर मी ज्यासाठी खपलो ते झालं होतं. त्याला सगळा रोबोट तिचाच वाटला होता, आणि ती रेघही तिचीच.

"ती रेघ माझी आहे," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"मी खोटं बोललो होतो. ती गेली तेव्हा पाय व्हायचे होते. मी रंगवले, मी जोडले. हा गुडघा मी तोडला आणि मीच सांधला. तिने घासलेलं सगळं बरोबर होतं. मला वाटलं, आजारपणात हात गेला असेल. साहजिक आहे. म्हणून मी सुधारायला गेलो आणि मोडलं."

"अहो, एवढं काय त्यात. ठीक आहे."

"ठीक नाही. फोनवर तुम्ही म्हणालात की तिचा हात पहिल्यासारखा राहिला नसणार. ते परत घ्या."

त्याने हात चोळायचे थांबवले. खरोखर आठवायचा प्रयत्न केला, ते मला दिसलं. "मी असं म्हणालो होतो?" तो म्हणाला. "माफ करा, मला आठवत नाही."

महिनाभर मी ज्या वाक्याला उराशी धरून बसलो होतो ते त्याच्या लक्षातही नव्हतं. त्याच्यावर ओरडावं तर समोर ओरडण्यासारखं कोणी नव्हतं. मी कपाटाकडे गेलो आणि तिच्या नावाचं कार्ड काढून घेतलं.

"पेन द्या."

"ते छापून घेतलेलं आहे हो. हाताने लिहिलेलं बरं दिसणार नाही."

"नको दिसू दे बरं. पेन द्या."

त्याने दिलं. मी कार्ड टेबलावर ठेवून तिच्या नावाखाली लिहिलं. माझं अक्षर वाईट आहे, कामाच्या वहीपलीकडे मी कधी लिहिलेलं नाही. शेवटचा शब्द कडेला जाऊन चिरडला. पायांचा रंग आणि डावा गुडघा, नवऱ्याने. बाकी सगळे सांधे तिचे.

वकिलाने ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि कार्ड जागेवर लावलं. रोबोट मागे उभा केला. मग त्याने गुडघा जरा वळवला, रेघ आत जावी म्हणून.

"बाहेर राहू द्या," मी म्हणालो.

त्याने गुडघा पुन्हा बाहेर वळवला. तो कपाट बंद करून कुलूप लावेपर्यंत मी तिथून हललो नाही.